बसऱ्याची बाई

आमच्या घराण्यात एक बाई आहे. तिचं नाव कुणाला माहीत नाही, फोटो नाही, वंशावळीत तर नाहीच नाही. पण लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तोरण्याच्या पायथ्याला आमच्या घरी गेलं, की रात्री अंगणात गोधड्या टाकल्यावर आजी तिची गोष्ट हमखास सांगायची.

"मामंजी बसऱ्याच्या लढाईला गेलं व्हतं. तितं त्यास्नी पटकी झाली. समदी म्हनली, ह्यो काय आता जगत न्हाय. तर एका गोऱ्या बाईनं चमच्यानं पानी पाजलं, समदं आईवानी केलं. ती नसती तर तुमी कुनीबी नसता."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला जाम भीती वाटायची. मी नसतेच म्हणजे नक्की काय झालं असतं, याचा विचार करता करता झोप लागायची.

मामंजी म्हणजे माझे पणजोबा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये गेले आणि जिवंत परत आले. कधी आले, तर आजीच्या म्हणण्याप्रमाणे 'सोळा सालात, घरात घट बसलेलं व्हतं तवा'. घरात त्यांची एकच वस्तू उरली आहे, एक पितळी दिसणारं काशाचं पदक. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या पदकाची कड कुणीतरी चिंचेने घासून घासून अशी लखलखीत केली आहे, की वाचता येतं ते फक्त '११' आणि पुढे 'मराठा'. आता ११०, ११४, ११६, ११७ अशा मराठ्यांच्या चार पलटणींचे नंबर ११ ने सुरू होतात. त्यामुळे आमचं घोडं तिथेच अडलं.

पण मला पलटणीपेक्षा ती बाई शोधायची होती. दोनेक वर्षांपूर्वी हे खूळ डोक्यात शिरलं आणि मग ऑफिसातून आल्यावर रात्री दीड-दीड वाजेपर्यंत वाचन सुरू झालं. (घरच्यांनी बरंच सहन केलं. असो.)

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा भाग म्हणजे भोर संस्थानाचा मुलूख. राजगड, तोरणा सगळे पंतसचिवांकडे. वेल्हे तालुक्याला आता सरकारने राजगड हे नाव दिलं आहे, पण आमच्या तोंडी वेल्हंच. भाताची खाचरं, डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि पाऊस संपला की काम नाही. अशा घरातली पोरं पलटणीत जायची ती बहुतेक पगारासाठी. बादशहा कोण आणि तुर्क कोण याच्याशी त्यांना काय देणंघेणं? १९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान युद्धात उतरलं आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी हिंदी फौज नेऊन बसरा घेतलं. मग बगदादचा मोह सुटला नाही. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉनला मार खाऊन फौज मागे आली, आणि डिसेंबरपासून कूत-अल-अमारा या गावात वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. त्यात मराठेही होते.

या मोहिमेत गोळीपेक्षा रोगाने जास्त हाल केले. टेसिफॉनचे जखमी बोटीतून नदीमार्गे बसऱ्याला आणले, तेव्हा 'वरेला' या हॉस्पिटल जहाजावरच्या मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने ती बोट येताना पाहिली. बोटीच्या कडेने काहीतरी दोऱ्यांसारखं लोंबत होतं. ती त्या माणसांचीच घाण होती. दाटीवाटीने पडलेल्या जखमींना जागचं हलताही येत नव्हतं. कार्टरने याबद्दल तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. पुढे चौकशी आयोग बसला. १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. १९१६ चा उन्हाळा म्हणजे कॉलरा, हगवण, उष्माघात, आणि भाजीपाला नसल्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही. आमचे पणजोबा याच उन्हाळ्यात तिथे होते, आणि पटकी म्हणजे कॉलराच. इथवर आजीची गोष्ट चोख जुळत होती.

बाईपाशी मात्र ती अडायला लागली.

हिंदुस्थानात लष्करी परिचारिका आल्या १८८८ मध्ये. मिस लॉक यांच्यासह दहा जणी इंग्लंडहून येऊन मुंबई बंदरात उतरल्या. पण त्या आल्या गोऱ्या सोल्जरांसाठी. हिंदी शिपायाची व्यवस्था वेगळी. त्याचं हॉस्पिटल त्याच्या पलटणीपुरतं. अंथरूण-पांघरूण त्याचं त्याने आणायचं, जेवणाचंही त्याचं तोच बघणार, आणि शुश्रूषेला पलटणीतलाच एखादा गडी. तिथे परिचारिका हा प्रकारच नव्हता. हिंदी सैन्यासाठी नीट मोठी हॉस्पिटलं मंजूर व्हायला १९१८ साल उजाडलं, म्हणजे युद्ध संपतानाच. युद्धकाळात काही हिंदी परिचारिकांना पहिल्यांदाच तात्पुरतं लष्करी सेवेत घेतलं होतं, पण त्यांची कायमची अशी सेवा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९२६ ला.

बरं, परिचारिका जवळपास असल्या तरी त्यांनी हिंदी शिपायाला हात लावावा का, यावर इंग्रजांचं डोकं भलतंच चालायचं. फ्रान्समध्ये जखमी झालेल्या आपल्या लोकांना इंग्लंडमध्ये ब्रायटनला ठेवलं होतं, तेही राजाच्या जुन्या महालात. हिंदूंचे नळ वेगळे, मुसलमानांचे वेगळे, स्वयंपाकघरं तर किती तरी. बडदास्त चांगली, पण परिचारिकांनी फक्त देखरेख करायची, अंगाला हात लावायचं काम पुरुष ऑर्डर्लींचं. १९१५ च्या मे महिन्यात एका इंग्रजी वर्तमानपत्रात जखमी हिंदी शिपायाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचा फोटो छापून आला आणि असा गहजब झाला, की हिंदी हॉस्पिटलांतून परिचारिका काढून घ्यायचे हुकूम सुटले. काळ्या शिपायाला गोऱ्या बाईने पाणी पाजणं म्हणजे साम्राज्याच्या अब्रूचा प्रश्न!

आमचे पणजोबा तर ब्रायटनलाही नव्हते. मग बसऱ्याच्या तंबूत त्यांना गोरी बाई मिळाली कुठून?

मी हट्ट सोडला नाही. वाटलं, बसऱ्यात नसेल तर मुंबईत असेल. मेसोपोटेमियाचे आजारी जहाजाने मुंबईला यायचे. अपोलो बंदराजवळचं ताजमहाल हॉटेल तेव्हा हॉस्पिटल झालं होतं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवीकोरी इमारतही लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरात होती. आपण ज्या घुमटाखाली शाळेच्या सहलीत रांगेत उभे राहिलो, त्या इमारतीत खाटा होत्या. म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ ला. आणि या सगळ्यासाठी परिचारिका कमी पडल्या म्हणून १९१६ च्या मध्यापासून थेट ऑस्ट्रेलियातून लष्करी परिचारिका यायला लागल्या. युद्ध संपेपर्यंत पाचशेहून अधिक जणी आल्या. मुंबई, पुणे, पार पेशावरपर्यंत त्यांच्या नेमणुका झाल्या आणि बसऱ्याच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजांवरही झाल्या.

हे वाचून मी चकित झाले. परदेशी मोहिमेवर गेलेल्या परिचारिका म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फ्रान्स, इजिप्त असलं काही यायचं. आणि या बायांचा परदेश म्हणजे आपलं कुलाबा, आपलं पुणे! घरी लढाईवर जाते सांगून निघाल्या असतील, आणि पोचल्या कुठे तर मुंबईच्या पावसाळ्यात. तोफेचा आवाज नाही की कौतुक नाही. उकाडा, डास आणि कॉलऱ्याचे वॉर्ड. त्यांच्यातल्या दोघी, एमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर, १९१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कॉलऱ्यानेच गेल्या. एक १२ तारखेला, दुसरी १३ ला. शिवडीला पुरल्या. पुढे १९६२ च्या मार्चमध्ये शिवडीच्या दफनभूमीतून ६२९ जणांचे अवशेष खडकीच्या युद्ध दफनभूमीत हलवले. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेहून जास्त नावं आहेत आणि त्यांत या दोघींचीही आहेत.

मी एका रविवारी सकाळी खडकीला गेले. सुंदर राखलेली जागा आहे, माळी पाणी घालत होता. दोन्ही नावं सापडायला बराच वेळ लागला. सापडल्यावर मोह असा झाला म्हणून सांगू! ऑगस्ट १९१६, मुंबई, कॉलरा. पणजोबा त्याच नवरात्रात घरी आलेले. पोस्टचं शीर्षकसुद्धा मनात तयार झालं होतं.

पण ते खरं नव्हतं, आणि मला ते कळत होतं. गोऱ्यांची आणि हिंदी शिपायांची हॉस्पिटलं वेगळी होती. या बाया मुख्यतः गोऱ्या सोल्जरांकडे बघत. काही जणींनी हिंदी शिपायांची आणि तुर्की कैद्यांचीही सेवा केली, पण नेमकी या दोघींपैकी एकीने नेमक्या माझ्या पणजोबांना चमच्याने पाणी पाजलं, असं म्हणायला माझ्याकडे महिन्याच्या नावापलीकडे काहीही नव्हतं. शीर्षक पुसून टाकलं आणि विषय बाजूला ठेवला.

परवा भोरला आत्याकडे गेले होते. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, कान शाबूत आहेत. कापूरहोळला एसटीतून उतरून वडाप पकडून पोचले, तर ती ओट्यावर वाल सोलत बसलेली. मी पण बसले. सोलता सोलता तिला हे सगळं सांगितलं. बसरा, ऑस्ट्रेलिया, खडकीची नावं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "बाई कुठली गं? बाप्या होता तो."

तर झालं होतं असं.

आत्या भोरला मामाकडे राहून १९६३ मध्ये मॅट्रिक झाली. आमच्या वाडीतली पहिली मुलगी. चीनच्या लढाईनंतरचे दिवस. वर्तमानपत्रात लष्करी परिचारिकांच्या शिक्षणासाठी मुली हव्यात अशी जाहिरात आली. तिने अर्ज आणवला, भरला. वडिलांची सही पाहिजे होती. वडील म्हणजे माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी अर्ज वाचला आणि चुलीत टाकला. परक्या बाप्यांची अंगं पुसणार, रातपाळ्या करणार, मग लगीन कोण करील हिच्याशी? बस्स. एवढंच बोलणं झालं.

(यात आबा काही वेगळे नव्हते. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं, ससूनमध्ये मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली, तेव्हा त्यांना मुली मिळवताना किती जड गेलं होतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून तयार झालेल्या मुली बहुतेक ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्करी परिचारिका पार मलायापर्यंत गेल्या, त्यांतही अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलीच जास्त. आमच्यासारख्या घरांतून परिचारिकेचं कौतुक व्हायचं ते फक्त गोष्टीत.)

आणि हे सगळं चाललं होतं ते पणजोबांच्या देखत. तेव्हा ते सत्तरीचे होते आणि ओसरीवर बसले होते. ज्या बाईमुळे हे घर आहे असं रोज सांगितलं जातं, तिच्यासारखं काम करायला नात निघाली, तर ते अवाक्षर बोलले नाहीत. आत्याला आबांपेक्षा त्यांचाच राग आला. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात ती शेण भरत होती, तिथे ते आले. तिने सरळ विचारलं, "त्या बाईची तुम्हाला काहीच लाज नाही का?"

पणजोबा म्हणाले, "बाई कुठली पोरी? बाप्या व्हता त्यो. झाडूवाला व्हता, तिकडं उत्तरेकडला. पटकी म्हनल्यावर कुनी जवळ येईना. त्यानंच धुतलं, त्यानंच पुसलं, त्यानंच पानी पाजलं. आठ-धा दिस. मी घरी आल्यावर आईवानी केलं येवढंच म्हनलो. बाई तुमीच केली."

मग गोरी कुणी केली, हे आत्यालाही माहीत नाही. आजीनेच केली असेल. गोऱ्या मडमेच्या हातचं पाणी आजारपणात प्यालं, तर गावाने तोंड वाकडं केलं असतं, पण पचवलं असतं. झाडूवाल्याच्या हातचं १९१६ सालच्या मावळात कसं पचणार?

मी वाल तसेच ठेवून फोन काढला. वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे होतं, फक्त मी त्याच्याकडे बघत नव्हते. लष्कराच्या हॉस्पिटलांबरोबर समुद्रापार कोण गेलं? डोलीवाले, पाणके, स्वयंपाकी, वॉर्डातले नोकर, झाडूवाले. आर्मी बेअरर कोअर आणि आर्मी हॉस्पिटल कोअर अशी त्यांच्या पथकांची नावं. १९२० मध्ये दोन्ही मिळून इंडियन हॉस्पिटल कोअर झाली, आणि त्यानंतर 'नर्सिंग सिपाई' ही वेगळी जागा आली. तोवर जे लोक हे काम करत होते, त्यांना परिचारक असं कुणी म्हटलंच नाही. ते नुसते नोकर.

त्यांच्यातल्या एकाबद्दल मी आधी वाचलं होतं, पण त्याचा आपल्या गोष्टीशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. सुखा नावाचा झाडूवाला इंग्लंडमध्ये ब्रॉकनहर्स्टच्या हिंदी हॉस्पिटलात कामाला होता. १९१५ च्या जानेवारीत तो तिथेच वारला. सांगतात असं, की हिंदू त्याला जाळायला तयार होईनात, कारण तो अस्पृश्य. मुसलमान पुरू देईनात, कारण तो हिंदू. शेवटी गावच्या पाद्र्याने त्याला आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो दगड अजून आहे. ज्यांचं सगळं त्याने काढलं असेल, त्यांतल्या कुणी खांदा दिला नाही.

आमच्या माणसाला बसऱ्यात ज्याने वाचवलं तो घरी पोचला की नाही, कोण जाणे. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे, पण तिथे हिंदी लोकांपैकी नाव कोरलं ते अधिकाऱ्यांचं. बाकीच्यांचा पलटणवार फक्त आकडा.

मी आत्याला विचारलं, "मग पणजोबांना म्हणाली नाहीस का, की हे आबांना सांगा म्हणून?"

"म्हटलं की. ते विळा घेऊन गवताला निघून गेले."

वाल सोलून झाले होते. मी तिला म्हटलं, १९४३ पासून लष्करी परिचारिकेला अधिकाऱ्याचा हुद्दा आहे, शिक्षण पुरं झाल्यावर तू लेफ्टनंट झाली असतीस. आत्या हसली. "लेफ्टनंट म्हणजे पोलीस पाटलाच्या वरती का खाली?" वरती, मी म्हटलं. "मग आबांनी मला आधी सलाम ठोकायला पाहिजे होता."

उठून आत गेली आणि एक स्टीलची डबी घेऊन आली. मामा गेल्यापासून जोडवी तिच्यातच असतात. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, तिचं लग्न झालं. तेव्हा घरात दोन पदकं होती. काशाचं राहिलं. दुसरं चांदीचं होतं, ते आबांनी भोरच्या सोनाराकडे मोडून तिला ही जोडवी केली. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी एक हातात घेतलं आणि न कळत उजेडाकडे धरून आतली बाजू बघायला लागले.

"नंबर शोधतीस होय?" आत्या म्हणाली. "तो गेला मुशीत. जा, हात धू, जेवायला बस."